मगदुमांची सावली

बाकावर बसलेली ती बाई कुणाचीच नव्हती.

महानंदाच्या हे दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं. हृदयाच्या ऑपरेशनांच्या अतिदक्षता विभागाबाहेर माणूस एक दिवस बसला की त्याला सगळ्यांची कुंडली पाठ होते. कुणाच्या किती नळ्या बंद होत्या, कुणाचा जावई अजून फिरकला नाही, कुणाच्या घरच्या आमटीत मीठ जास्त पडतं, काही म्हणता काही लपत नाही. मिरजेच्या त्या हॉस्पिटलात तर भिंतीला लागून एकच लांब बाक होता, त्यामुळे लपायला जागाही नव्हती. पण टोकाला बसलेल्या त्या बाईला कुणी आत बोलवत नव्हतं. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगावर फिकट जांभळी सुती साडी, हातात ना फाइल, ना थर्मास. दार उघडलं की ती मान वर करायची आणि दार मिटलं की खाली घालायची.

महानंदाला गप्प बसवणं तिच्या नवऱ्यालाही तीस वर्षांत जमलं नव्हतं. ती सरकत सरकत शेजारी गेली.

"तुमचं कोण आहे आत?"

"आहे की," बाई म्हणाली.

"नाव काय पेशंटचं?"

बाईनं उलट विचारलं, "तुमच्या मालकांचा आज कितवा दिवस?"

"दुसरा."

"दुसरा," बाई स्वतःशीच म्हणाली, आणि तिनं पदर आवळून घेतला. कुणी नवऱ्याचे दिवस मोजावेत, तेही परक्या बाईनं, हे महानंदाला मुळीच आवडलं नाही.

महानंदाचा नवरा राजशेखर हुक्केरी म्हणजे खो-खोचा पंच. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालेला, पण शिट्टी गळ्यातून न उतरलेला माणूस. साखरेच्या आजारानं त्याच्या किडन्या आधीच खाल्ल्या होत्या. जेमतेम तिसरा हिस्सा काम चालू होतं. त्यात हृदयाच्या नळ्या तुंबल्या आणि बायपास करावी लागली. ऑपरेशन छान झालं असं सर्जननी सांगितलं, हात जोडले आणि ते पुढच्या ऑपरेशनला गेले. पुढची काळजी किडनीच्या डॉक्टर यास्मिन मुजावर यांची होती.

मुजावर बाई स्वभावानं शांत. समोरच्याला कळेपर्यंत सांगायची त्यांना सवय होती.

"काकी, बायपास करताना हृदय थांबवतात आणि रक्त बाहेरच्या पंपावरून फिरवतात. तेवढा वेळ किडनीला रक्त पुरत नाही. कधीकधी तिच्या पेशी गुदमरतात. धडधाकट माणसाच्या रक्तात मग क्रिएटिनिन नावाचा कचरा वाढतो आणि आम्हाला कळतं, तेही दोन दिवस उशिरा. सरांचं क्रिएटिनिन तर आधीपासूनच वाढलेलं आहे. ज्या घरात चूल कायमच धुमसते, तिथं आग लागली हे धुरावरून ओळखायचं कसं?"

"मग कसं ओळखता?"

त्यांनी पलंगाशेजारच्या यंत्राच्या पडद्याकडं बोट केलं. राजशेखरच्या लघवीच्या नळीत तांदळाएवढी काचेची एक चकती बसवली होती. गुदमरलेल्या पेशी जे काही बाहेर टाकतात, ते ही चकती थेंबाथेंबात मोजायची आणि त्याची पिवळी रेघ पडद्यावर सरकत राहायची. पण ज्यांच्या किडन्या मुळातच दुबळ्या, त्यांची ती रेघही पहिल्यापासून वरच असते. कितीच्या वर गेली म्हणजे घाबरायचं, हे दुसऱ्यांच्या मापावरून ठरत नाही. म्हणून अलीकडे त्यावर एक तोड निघाली होती. आजवरच्या हजारो पेशंटांच्या रेघा यंत्राच्या पोटात होत्या. यंत्र त्यातून एक असा माणूस शोधायचं की ज्याची किडनी तितकीच दुबळी होती आणि ज्याची रेघ ऑपरेशननंतर अगदी अशीच चालली होती. मग ती जुनी रेघ करड्या रंगात या पिवळ्या रेघेवर ठेवायची. करडी रेघ अर्थातच पुढचे दिवसही दाखवायची, कारण त्या माणसाचं सगळं घडून गेलेलं असायचं. पिवळी रेघ तिच्या मागोमाग चालली, तर पुढं काय होणार ते आधीच दिसायचं. यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. हॉस्पिटलात सगळे त्याला सावली म्हणत.

चौथ्या दिवशी मुजावर बाईंनी महानंदाला आत बोलावलं आणि खुर्ची पुढं केली. डॉक्टर खुर्ची पुढं करतात, ती काही चांगली बातमी सांगायला नव्हे.

"सरांना मिळालीय तितकी जुळणारी सावली मी क्वचितच पाहिलीय. हे बघा, पिवळी रेघ तिला सोडतच नाही. आणि ही करडी परवा दुपारी इथं एकदम वर जाते. तासाभरात किडनी बंद पडली, पोटॅशियम चढलं आणि हृदय थांबलं."

"म्हणजे तो माणूस..."

"गेला. याच हॉस्पिटलात, सहा वर्षांपूर्वी. सकाळचं रक्त चांगलं होतं त्याचं. म्हणून मी वाट बघू शकत नाही. उद्या सकाळी सरांना डायलिसिस सुरू करू या. तुमची सही हवीय."

"डायलिसिस केलं की बरे होतील?"

"जगतील. पण आत्ताच ऑपरेशन झालंय. डायलिसिसवर रक्तदाब खाली जातो, त्या धक्क्यानं उरलीसुरली किडनीही बहुतेक जाते. मग आठवड्यातून तीनदा इथं यायचं, कायमचं. आणि हृदयानं सोसलं नाही, तर... तेही आहे."

महानंदा पडद्याकडं बघत राहिली. कुठल्या तरी मेलेल्या माणसाच्या पावलावर पाऊल टाकत तिचा नवरा चालला होता, आणि परवा दुपारी पुढं जमीन नव्हती.

"गेलेल्या माणसाच्या मागून चालवताय होय तुम्ही ह्यांना?" ती म्हणाली. तिला रडू फुटलं. मुजावर बाईंनी पाण्याचा ग्लास दिला. सहीला संध्याकाळपर्यंत वेळ दिला.

बाहेर आली तर ती बाई उभी होती. बसलेली नव्हती, उभी. "सावलीचं सांगितलं ना?" तिनं विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?" महानंदा उसळली. मग तिची तिलाच लाज वाटली. बाईचे ओठ कोरडे पडले होते. चार दिवसांत तिला कुणी काही खाताना पाहिलं नव्हतं. महानंदानं पटकन डबा उघडला, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घातली आणि तिच्या हातात ठेवली. "खा आधी. मग काय ते बोला."

बाईनं दोन घास खाल्ले. तिसरा तोंडात फिरत राहिला. मग ती बोलायला लागली. आवाज इतका खाली, की महानंदाला कान जवळ न्यावा लागला.

"तुमच्या मालकांच्या पुढं चाललेत ते आमचे हे आहेत. भूपाल मगदूम. कुपवाडला आमचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान. मी पद्मावती."

महानंदा बाकावर जराशी मागं सरकली.

"सावली कुणाला दिली की घरच्यांना मेसेज येतो," पद्मावती म्हणाली. "नाव नसतं त्यात. पहिल्यांदा आला तेव्हा मी नुसती बघायला आले. म्हटलं, ह्यांचं काहीतरी अजून चालतंय जगात, कुणाच्या अंगावर आहे ते तरी बघू. डॉक्टरीणबाई कुणाला आत बोलवून खुर्ची देतात, ते इथनं दिसतं. मग कळतं."

"आणि दरवेळी येता?"

"दरवेळी. तुम्ही सही करू नका."

"काय?"

"सही करू नका. ह्यांची किडनी बंद पडली नव्हती." तिनं पदर तोंडाला लावला. "सहाव्या दिवशी हे उठून बसले होते. वॉर्डात आणलं होतं. आमचा सन्मती तेव्हा बारावीला. क्लासवरनं आला, येताना गेटवरनं शहाळं घेऊन आला. पेशंटला शहाळं नेतातच की ओ सगळे! नर्सनं ज्यूस देऊ नका म्हणून सांगितलं होतं. शहाळं काय ज्यूस आहे? पाणीच की ते. पोरानं स्वतःच्या हातानं स्ट्रॉ धरून पाजलं. ह्यांनी अजून मागितलं, तर पळत जाऊन दुसरं आणलं. बापलेक काय हसत होते! आणि तासाभरात ह्यांनी मान टाकली."

महानंदाला काही क्षण कळेचना. मग नवऱ्याचं किडनीचं पथ्य आठवलं आणि कळलं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी चांगली असेल तर ते लघवीवाटे निघून जातं. दुखावलेल्या किडनीला ते काढता येत नाही. ते रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडतं. भूपाल मगदुमांच्या रक्तात ते सापडलं होतं, पण डॉक्टरांनी उलटं वाचलं. किडनी बसली म्हणून पोटॅशियम चढलं असं लिहिलं. शहाळ्याचं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही, कारण शहाळं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं कुणाच्या मनातच आलं नाही. हृदय अडखळल्यावर किडनीच्या पेशी गुदमरल्या आणि रेघ वर गेली. यंत्राला एवढंच दिसलं की रेघ वर गेली आणि माणूस मेला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्यांदा आले होते तेव्हा. आहाराच्या बाई इथंच एकांना सांगत होत्या, किडनीवाल्याला शहाळं म्हणजे विष. मी ह्याच बाकावर बसले होते."

"मग सांगितलं का नाही? किती जणांना दिली ही सावली?"

"अकरा जणांना. तुमचे बारावे."

"त्यांचं काय झालं?"

"सगळ्यांना डायलिसिस लावलं. दोघं त्यातच गेले. नऊ जण खालच्या मजल्यावर येतात, आठवड्यातनं तीनदा." ती खाली बघत म्हणाली. "डॉक्टर म्हणतात सावलीनं नऊ वाचवले."

आता यात यंत्राचा काय दोष म्हणायचा? सावलीनं सांगितलं म्हणून डायलिसिस लावलं आणि माणूस जगला, म्हणजे सावली खरी ठरली. न लावताही तो जगला असता, हे दाखवणारा एकही माणूस यंत्राला कधी भेटला नाही. खोटी साक्ष दरवेळी आणखी पक्की होत गेली.

"बाई, तुम्हाला काळीज आहे की नाही?" महानंदा ओरडली. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. तिनं आवाज खाली घेतला. "अकरा घरं बुडाली आणि तुम्ही इथं बसून बघत राहिलात?"

"यंत्रातल्या नोंदीत दुरुस्ती केली की वारसांना मेसेज जातो, आपोआप, कारणासकट," पद्मावती म्हणाली. "सन्मती वारस आहे. सावली काढून घ्यायची तर दोघांच्या सह्या लागतात. त्याला काय सांगू, का काढायची? मेसेज आला की तो ऑफिसात पेढे वाटतो. म्हणतो, आई, बाबांनी अजून एक वाचवला. त्या पोराला मी कुठल्या तोंडानं सांगू की तुझ्या हातानं बाप गेला?"

महानंदाला स्वतःचं मूल नव्हतं. एक झालं होतं, ते सव्वा महिन्याचं होऊन गेलं. पोरासाठी आई काय काय गिळू शकते, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"मग मलाच का सांगितलं?"

"तुम्ही खायला दिलं," पद्मावती म्हणाली. "आजवर कुणी विचारलं नव्हतं. तुमचा माणूस वाचवा. पण कुणाला सांगू नका. हातावर हात द्या."

नवरा आत मरणाच्या दारात असताना माणूस कशावरही हात देतो. महानंदानं दिला.

मुजावर बाईंना तिनं सांगितलं, "मी सही करणार नाही."

"कारण?"

"कारण नाही."

"काकी, घाबरलात का? सर परवा दुपारी गेले तर?"

"गेले तर माझ्या नशिबानं. पण डायलिसिस नको."

मुजावर बाईंचा तोल पहिल्यांदा सुटला. "नशीब काय, काकी! मी तुम्हाला समोर दाखवतेय!" मग त्या सरळ राजशेखरकडं गेल्या, कारण तो शुद्धीवर होता आणि शेवटचा शब्द त्याचा होता. त्याला सगळं सांगून त्यांनी दोघांना एकटं सोडलं.

राजशेखर बायकोकडं बघत राहिला. छातीवर टाके, नाकात नळी, पण डोळे मैदानावरचेच.

"मुजावर बाई म्हणतात, तू अडून बसलीस."

"होय."

"कारण आहे?"

"आहे."

"सांगण्यासारखं?"

"नाही."

"तू, आणि न सांगण्यासारखं?" त्याला हसू आलं आणि टाके दुखले. "आई गं! म्हणजे मोठंच असणार. बरं, पंचाचा निर्णय अंतिम. आयुष्यभर पोरांना हेच ऐकवलं, आता भोगतोय." मग त्यानं तिचा हात धरला आणि हळूच विचारलं, "मरणार नाही ना गं मी?"

"नाही," महानंदा म्हणाली. ती बाई खोटं बोलत असली तर? वेडी असली तर? दुःखानं माणसं काहीही रचतात. पण आता शब्द तोंडातून गेला होता.

मुजावर बाईंनी डायलिसिसचं यंत्र पलंगाशेजारी तयार ठेवलं. दर दोन तासांनी रक्त काढायला सांगितलं. सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी महानंदाला आत बसू दिलं.

करडी रेघ वर चढायला लागली. पिवळी तिच्या मागोमाग आली होती, अगदी चिकटून. महानंदाच्या डोळ्यांसमोर एक अनोळखी माणूस पलंगावर उठून बसला होता आणि एक पोरगा स्ट्रॉ धरून उभा होता. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे नको रे, ठेव ते खाली. करडी रेघ आणखी वर गेली. पिवळी तिथंच राहिली. करडी पडद्याच्या कडेपर्यंत गेली आणि तुटली. तिच्यापुढं काही नव्हतं, नुसता काळा पडदा. पिवळी रेघ एकटीच पुढं सरकायला लागली.

राजशेखर घोरत होता. महानंदानं त्या तुटलेल्या टोकाकडं बघून हात जोडले. तिला फार भीती वाटत होती आणि कशाची, ते सांगता येत नव्हतं.

चार दिवसांनी पिवळी रेघ आपसूक उतरली. मुजावर बाई खूश होत्या आणि गोंधळल्याही होत्या.

"मग आता ती सावली काढून टाकणार?" महानंदानं विचारलं.

"एका अपवादावरून? नाही हो. यंत्र सरांना अपवाद म्हणून नोंदवेल. तुम्ही नशीबवान निघालात."

महानंदाच्या जिभेवर आलेलं तिनं गिळलं. नवऱ्याला घेऊन ती सांगलीला घरी आली.

पण घरात ती दोघंच आली नाहीत. राजशेखर संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारायचा, तेव्हा उतरत्या उन्हात त्याची सावली पुढं पडायची, आणि महानंदाला ती भलत्याच माणसाची वाटायची. खालच्या मजल्यावरची नऊ माणसं तिला माहीतही नव्हती, पण सोमवार उजाडला की ती आठवायची, आज ती सुया टोचून घेत असतील. नवरा म्हणायचा, "बरा मी झालो आणि आजारी तू दिसतीस." तिनं त्यालाही सांगितलं नाही.

तपासणीसाठी परत मिरजेला गेले, तेव्हा राजशेखर रक्त द्यायला आत गेला आणि महानंदाचे पाय आपोआप वरच्या मजल्यावर वळले. बाकावर पद्मावती होती. तिच्या शेजारी एक तरुण मुलगी बसली होती. बँकेचं ओळखपत्र अजून गळ्यात, डोळे सुजलेले. महानंदा पद्मावतीला चिकटून बसली.

"हिचं कोण?"

"वडील. ह्यांचीच सावली. उद्या डायलिसिस लावणार."

"सांगितलंत तिला?"

पद्मावतीनं मान खाली घातली.

"अहो, सांगा! मला सांगितलंत तसं सांगा!"

"तुम्ही तोंड बंद ठेवलंत. ही लहान आहे, घाबरलेली आहे. लगेच आत जाऊन सांगेल."

"मग मीच सांगते."

पद्मावतीनं तिचा पदर घट्ट धरला. "हातावर हात दिलाय तुम्ही. माझ्या पोरानं जिवाचं काही केलं तर? सांगा! त्यानं काही केलं तर?"

शेजारची मुलगी फोनवर कुणाला तरी म्हणत होती, "बाबा जगतील म्हणालेत, बाकीचं बघू." महानंदानं पद्मावतीची बोटं एकेक करून पदरातून सोडवली.

"दिला होता हात," ती म्हणाली. "आता मोडते. मला शिव्या द्या, पण मी ह्या पोरीसमोरनं उठून घरी जाऊ शकत नाही."

मुजावर बाईंनी सगळं ऐकलं. मध्येच एकदा त्यांनी चष्मा काढला, तो परत घातलाच नाही. "शहाळं," त्या म्हणाल्या. "त्या वेळी मी नवीन होते इथं. विचारायला हवं होतं आम्ही. एवढंच विचारायचं होतं, काय खाल्लं, काय प्यायलं." त्यांनी दुरुस्ती लिहायला घेतली. मग थांबल्या. "यानंतर त्या अकरा जणांच्या घरी मला सांगावं लागेल."

"होय," महानंदा म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा बाकावर पद्मावती नव्हती. नंतरही ती कधी दिसली नाही.

पुढच्या तपासणीपर्यंत उन्हाळा आला. राजशेखरचे रिपोर्ट बरे होते. त्याला विनाचालक रिक्षात बसवून महानंदा गेटबाहेरच्या दुकानातून औषधं आणायला गेली. रिक्षा सूचना देत होती आणि राजशेखर तिच्याशी भांडत होता. "पट्टा लावलाय म्हटलं ना! दिसत नाही तुला?"

गेटला लागून शहाळ्यांचा गाडा होता. गाड्याशी विशीतला एक सडपातळ तरुण उभा होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तो विकत नव्हता. घेणाऱ्यांना विचारत होता.

"कुणासाठी घेताय, मामा? पेशंटला किडनीचा त्रास आहे का? मग शहाळं नको. आधी डॉक्टरांना विचारून या."

"तू डॉक्टर आहेस काय?" फेटेवाल्या मामांनी चिडून विचारलं.

"नाही. मी माझ्या वडिलांना दिलं होतं. त्यात ते गेले. म्हणून विचारतो."

मामा शहाळं तसंच ठेवून गेले. गाडेवाला काही बोलला नाही, त्याला सवय झाली असावी. महानंदाच्या हातातली औषधाची पिशवी जड झाली. तशीच निघून जावं, असं तिला फार वाटलं. तिनं दोन पावलं टाकलीसुद्धा. मग ती वळली.

"सन्मती ना तू? मगदुमांचा?"

"हो. तुम्ही?"

"आई कशी आहे?"

"बरी आहे." तो दुसरीकडं बघायला लागला. "वाढते, मी जेवतो. बोलत नाही आम्ही जास्त. तुम्ही ओळखता तिला?"

"ज्या बाईनं डॉक्टरांना सांगितलं, तिचा राग येतो का रे तुला?"

त्यानं विचार केला. उगाच बरं वाटावं म्हणून बोलणाऱ्यातला तो नव्हता. "येतो," तो म्हणाला. "रोज येतो. आईनं सांगितलं असतं तर वेगळं. मला मेसेज आला. मी ऑफिसात पेढे घेऊन उभा होतो, वाचवला असेल कुणाला तरी म्हणून."

महानंदाचे डोळे भरून आले. "मीच ती," ती म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला. गाड्यावर कोयता चालत होता. मग त्यानं तिच्या खांद्यावरून रिक्षाकडं पाहिलं, जिथं राजशेखर अजून भांडत होता.

"ते? बाबांच्या सावलीवरचे?"

"होय."

"बरे आहेत?"

"बरे आहेत."

"लघवी होते नीट?"

"होते, बाळा."

त्यानं मान हलवली. शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

"आमच्या बाबांनाही होत होती," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळपासून अगदी छान होत होती." आणि गाड्याशी आलेल्या बाईकडं वळून त्यानं विचारलं, "कुणासाठी घेताय, मावशी?"